तीन हॅम्पडन आणि एक हौशी क्लब

ग्लासगोच्या दक्षिण भागात एका दुपारी पायी पाहून होतील अशा तीन जागा आहेत. एक बोलिंग क्लबची हिरवळ, एक झाडीत बुडालेलं सार्वजनिक उद्यान आणि एक भव्य राष्ट्रीय स्टेडियम. तिन्हींना त्या-त्या काळात हॅम्पडन हेच नाव होतं. आणि तिन्हींमागे होता क्वीन्स पार्क, खेळाडूंना मानधन न देणारा क्लब. स्कॉटिश फुटबॉल समजून घ्यायचं तर ग्लासगोच्या सेल्टिक आणि रेंजर्स या दोन बलाढ्य क्लबांच्या आधी इथे यावं.

9 जुलै 1867 रोजी व्हिक्टोरिया रोडजवळच्या एका घरात काही तरुण जमले. नाव काय ठेवायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी जिथे ते चेंडू खेळत, त्या बागेचंच नाव क्लबला मिळालं. बागेला ते नाव मिळालं होतं स्कॉटलंडच्या राणी मेरीवरून. 1568 मध्ये ती लँगसाइडची लढाई हरली, ते ठिकाण बागेला लागूनच आहे. क्वीन्स पार्क हा आज स्कॉटलंडमधला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. खेळाच्या आनंदासाठीच खेळायचं, हे त्याचं लॅटिनमधलं ब्रीद. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या जर्सीमुळे या खेळाडूंना ‘स्पायडर्स’ म्हणतात.

खिसा मात्र रिकामाच असायचा. इंग्लंडच्या एफए कपची पहिली ट्रॉफी घ्यायला या क्लबनं एक गिनी वर्गणी दिली. 1872 मध्ये उपांत्य सामन्यासाठी संघ लंडनला गेला, वाँडरर्स या क्लबशी गोलशून्य बरोबरी झाली. फेरसामन्यासाठी लंडनचा खर्च परवडणार नव्हता, म्हणून क्वीन्स पार्कनं माघार घेतली आणि वाँडरर्स पुढे जाऊन कप जिंकले.

त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला ग्लासगोच्या पार्टिक भागातल्या क्रिकेट मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्कचे होते. कर्णधार होता गोलरक्षक रॉबर्ट गार्डनर. सामना गोलशून्य सुटला, पण दोन खेळपद्धती समोरासमोर आल्या. इंग्लंडचा भर होता चेंडू पायाशी ठेवून एकट्यानं मुसंडी मारण्यावर. अंगापिंडानं हलक्या स्कॉटिश खेळाडूंनी एकमेकांना पास देत पुढे सरकायला सुरुवात केली. पुढच्या वर्षांत क्वीन्स पार्कनं ही पद्धत घोटून पक्की केली आणि स्कॉटिश खेळाडूंनी ती इंग्लंडच्या क्लबांत नेली. आज जगभर दिसणाऱ्या पासिंगच्या खेळाचं एक महत्त्वाचं उगमस्थान ग्लासगोच्या या भागात आहे.

पहिलं हॅम्पडन 1873 मध्ये सुरू झालं. नाव पडलं शेजारच्या हॅम्पडन टेरेस या घरांच्या रांगेवरून. इथेच 1874 मध्ये क्लाइड्सडेलला 2-0 हरवून क्वीन्स पार्कनं पहिला स्कॉटिश कप जिंकला. 1893 पर्यंत त्यांनी तो दहा वेळा जिंकला. सेल्टिक आणि रेंजर्स सोडले तर इतके कप आजही कुणाच्या नावावर नाहीत. याच मैदानावर 1882 मध्ये स्कॉटलंडनं इंग्लंडला 5-1 हरवलं. त्या संघात क्वीन्स पार्कचा अँड्र्यू वॉटसन होता. ब्रिटिश गयानात जन्मलेला, स्कॉटिश बापाचा आणि गयानीज आईचा हा मुलगा जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू. 1881 मध्ये लंडनमध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली स्कॉटलंडनं इंग्लंडचा 6-1 असा धुव्वा उडवला होता. त्या काळात एका कृष्णवर्णीय तरुणाला देशाचं नेतृत्व मिळालं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत असायला हवी. रेल्वेमार्ग आला आणि हे मैदान सोडावं लागलं. तिथे आता हॅम्पडन बोलिंग क्लब आहे. त्याच्या भिंतीवर 5-1 च्या विजयाचं चित्र रंगवलं आहे.

दुसरं हॅम्पडन तिथून जवळच. 1903 मध्ये क्वीन्स पार्क तिथून हलला आणि थर्ड लानार्क या क्लबनं ते मैदान घेतलं. त्याचं नाव झालं कॅथकिन पार्क. 1967 मध्ये थर्ड लानार्क बंद पडला. प्रेक्षकांच्या उतरत्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे अजून आहेत, मधून झाडं वाढली आहेत आणि खाली पोरं फुटबॉल खेळतात.

तिसरं आणि आजचं हॅम्पडन 31 ऑक्टोबर 1903 रोजी सेल्टिकवरच्या 1-0 विजयानं खुलं झालं. 1950 मध्ये रिओतलं माराकाना उभं राहीपर्यंत हे जगातलं सर्वांत मोठं स्टेडियम होतं. 1937 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या सामन्याला इथे 1,49,415 प्रेक्षक होते. 1960 मध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात रिआल माद्रिदनं आइनट्राख्ट फ्रँकफर्टला 7-3 हरवलं तेही इथेच. या सगळ्या काळात स्टेडियमचा मालक हा हौशी क्लब होता. अलीकडच्या काळात त्याच्या लीग सामन्यांना पाच-सातशे माणसं यायची आणि पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये एका बाजूला बसायची.

1890 मध्ये स्कॉटिश लीग सुरू झाली तेव्हा ती पैशाकडे नेईल या भीतीनं क्वीन्स पार्क बाहेर राहिला. भीती खरी होती. 1893 मध्ये व्यावसायिक फुटबॉलला मान्यता मिळाली आणि चांगले खेळाडू पगाराकडे वळले. 1900 मध्ये क्लब लीगमध्ये आला, पण हौशीपण सोडलं नाही. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन वयाच्या सोळाव्या वर्षी इथूनच खेळू लागले. लिव्हरपूलमध्ये नाव कमावलेला आणि स्कॉटलंडचा कर्णधार झालेला अँडी रॉबर्टसन 2012-13 च्या हंगामात इथे विनामोबदला खेळला. पोटासाठी तो याच स्टेडियमच्या कार्यालयात फोन घ्यायचा.

घडवलेला खेळाडू करारात बांधता येत नाही आणि हंगाम संपताच निघून जातो, हे दुखणं वाढत गेलं. 2018 मध्ये स्टेडियम 50 लाख पौंडांना स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनला विकायचं ठरलं. नोव्हेंबर 2019 मध्ये सभासदांनी मोठ्या बहुमतानं हौशी दर्जा सोडला. दोन हंगामांत क्लबनं दोन श्रेणी वर चढून दाखवल्या आणि फेब्रुवारी 2025 मध्ये रेंजर्सना त्यांच्याच आयब्रॉक्स मैदानावर, स्कॉटिश कपमध्ये, 1-0 हरवलं.

हौशी दर्जा सोडण्याचा निर्णय अनेकांना लागला. मला तो योग्य वाटतो. तरुणाला घाम गाळायला लावायचं आणि त्याच्या घामावर दुसऱ्यानं कमवायचं, यात कसलं पावित्र्य उरतं? मात्र दीडशे वर्षांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. पहिला राष्ट्रीय संघ, पासिंगचा खेळ, अँड्र्यू वॉटसन आणि राष्ट्रीय स्टेडियम, स्कॉटलंडला हे सगळं पैसे न घेणाऱ्या माणसांनी दिलं. या तिन्ही जागा पाहायच्या तर क्रॉसहिल आणि माउंट फ्लोरिडा ही दोन स्थानकं कॅथकार्ट सर्कलच्या रेल्वेवर आहेत. आधी बोलिंग क्लब, मग कॅथकिन पार्क आणि शेवटी हॅम्पडनमधलं स्कॉटिश फुटबॉल म्युझियम, याच क्रमानं जावं. म्हणजे स्टेडियममध्ये शिरताना ते कुणाच्या खांद्यांवर उभं आहे हे ठाऊक असेल.