लघवीची नळी : डॉक्टरांना रोज एक प्रश्न विचारा

अलोरे आणि आसपासच्या वाड्यांतले पेशंट मोठ्या आजारात चिपळूणला, कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर डेरवणला जातात. आजीचे खुब्याचे हाड मोडलेले असो, वडिलांना पक्षाघात झालेला असो की सुनेचे सिझर, खाटेला लघवीची पिशवी लटकलेली असते. नातेवाईक सलाईनकडे डोळे लावून बसतात, पिशवीकडे मात्र कोणी बघत नाही. आम्ही वॉर्डात वर्षे काढली, आता वाडीवाडीत आरोग्याचे काम करतो. म्हणून आज हा विषय.

एरवी लघवीच्या धारेबरोबर जंतू धुऊन जातात. नळी म्हणजे कॅथेटर बसला की हे थांबते. नळीवर जंतूंचा बुळबुळीत थर चढतो आणि त्यावर औषध नीट चालत नाही. नळी असलेल्या दर 100 पेशंटपैकी 3 ते 7 जणांच्या लघवीत रोज नव्याने जंतू दिसू लागतात. महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ सगळ्यांच्याच. सगळे आजारी पडत नाहीत, पण काहींचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत, कधी रक्तातही जातो. मग मुक्काम वाढतो, इंजेक्शने वाढतात आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडते.

म्हणून खरा उपाय एकच : नळी गरजेपुरतीच, गरजेइतकेच दिवस. लघवी तुंबली, मोठे ऑपरेशन आहे, अत्यवस्थ पेशंटची लघवी दर तासाला मोजायची आहे, ही योग्य कारणे. केवळ अंथरूण ओले होते म्हणून नळी नको. त्यासाठी बेडपॅन, डायपर आहेत. ऑपरेशननंतर दुसरे कारण नसेल तर शक्यतो 24 तासांत नळी निघावी. रोज राउंडला विचारा : "डॉक्टर, नळी अजून लागणार आहे का?"

नळी असेपर्यंत एवढे पाळा :

• नळीला, पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा.
• पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवा, पण जमिनीला टेकवू नका. स्ट्रेचरवर नेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवू नका.
• नळी दुमडू देऊ नका. नळी आणि पिशवीचा सांधा उघडू नका.
• पिशवी पूर्ण भरू देऊ नका. रिकामी करताना प्रत्येक पेशंटचे भांडे वेगळे हवे, तोटी भांड्याला लागू नये.
• ती जागा रोज साबण-पाण्याने धुवा. बायकांनी पुढून मागे.
• नळी स्वतः ओढून काढू नका. आत पाण्याने भरलेला फुगा असतो, इजा होते.

थंडी-ताप, ओटीपोटात किंवा कमरेत दुखणे, लघवीतून रक्त, पिशवीत लघवी न येणे, म्हातारे माणूस अचानक असंबद्ध बोलणे, यातले काही दिसले तर लगेच सिस्टरना सांगा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. त्रास नसताना नुसते जंतू सापडले, तर बहुतेकांना ते लागतही नाही.

"विचारले तर डॉक्टर रागावतील" ही भीती आपल्या माणसांत फार. पण उपचारांची माहिती मिळणे हा पेशंटचा हक्क आहे. 2021 मध्ये राज्याने नियम बदलून खासगी रुग्णालयांना रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. ती वाचा, वाचता न येणाऱ्या शेजाऱ्याला वाचून दाखवा आणि राउंडला निर्धास्त विचारा.