हुशारीची स्तुती आणि खोटा हिशेब

दुकानात ग्राहकासमोर नातवाने तोंडी बेरीज केली की आजोबा सहज म्हणतात, "आमचा नातू फार हुशार!" या शाबासकीत मायाच असते, परंतु तिचा परिणाम नेहमीच हितकर होतो असे नाही.

अमेरिकेतील क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतील मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या बुद्धीची, तर काहींच्या मेहनतीची प्रशंसा करण्यात आली. पुढची अवघड कोडी कोणालाच नीट सुटली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली, तेव्हा 'हुशार' ठरवलेली मुले पहिल्यापेक्षा मागे पडली. मेहनतीची प्रशंसा ऐकलेली पुढे गेली. व्यापारी घराने विशेष ध्यानात घ्यावी अशी बाब मात्र निराळीच आहे. दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलाला आपले गुण कळवताना 'हुशार' गटातील ३८ टक्के मुलांनी ते खोटे लिहिले. मेहनतीच्या गटात हे प्रमाण १३ टक्के होते. नाव राखण्यासाठी इतक्या लहान वयात खोटा हिशेब!

पेढीवर संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर मुनीमजींना कोणी मूर्ख म्हणत नाही. रोजमेळ पुन्हा तपासला जातो. नातवाची वजाबाकी चुकली, तर हाच शहाणपणा घरात का नसावा? "कुठे चुकले, शोध बरे," एवढेच आजोबांनी शांतपणे म्हणावे आणि चूक सापडली की त्या शोधाचे कौतुक करावे. मध्येच उत्तर सांगू नये. ग्राहक दोन मिनिटे खोळंबला तरी चालेल.