कोसळलेल्या इमारतीतील सुटकाकार्य

महाडमधील एक पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी सायंकाळी कोसळली. या दुर्घटनेत १६ जण मृत्युमुखी पडले. मात्र दुसऱ्या दिवशी, सुमारे १९ तासांनंतर, चार वर्षांच्या एका मुलाला ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढण्यात आले. इतक्या भाराखाली माणूस जगतो कसा, हे समजून घेतले म्हणजे सुटकाकार्याची पद्धतही ध्यानी येते.

पडलेली इमारत क्वचितच सर्वस्वी सपाट होते. छताचा एका बाजूचा आधार सुटला, तर ते तिरपे होऊन उभ्या भिंतीला टेकते आणि खाली त्रिकोणी पोकळी राहते. छत मधोमध मोडले, तर दोन्ही भिंतींलगत अशा पोकळ्या उरतात. खांबच खचले, तर मजले भाकरीच्या चवडीप्रमाणे एकमेकांवर बसतात. तेथेही एखाद्या तुळईच्या किंवा कपाटाच्या आडोशाने माणसापुरती जागा राहू शकते. या जागा हेरणे आणि त्या बुजू न देणे, हेच अग्निशमन जवानांचे मुख्य काम होय.

मदतीस धावलेल्यांचा हेतू निःसंशय चांगला असतो. परंतु ढिगाऱ्यावर चढलेल्या गर्दीच्या भाराने खालची पोकळी मिटू शकते. घाईने लावलेल्या जेसीबीचेही तेच. म्हणून प्रथम वीज व गॅस बंद केला जातो. नंतर सर्व यंत्रे थांबवून, शांतता राखून हाका मारल्या जातात व प्रतिसादाचा कानोसा घेतला जातो. स्लॅब थोडा उचलला की तेवढाच लाकडी टेकू व पाचर द्यावयाची, असा क्रम असतो. लोंबकळणारे स्लॅब व शेजारच्या तडकलेल्या भिंती यांवर केवळ नजर ठेवण्यासाठी एक जवान नेमलेला असतो; त्याने इशारा देताच सर्वांनी बाहेर पडावयाचे.

दीर्घकाळ चिरडलेला हात वा पाय एकाएकी मोकळा करणेही घातक ठरते. दबलेल्या स्नायूंतील विषारी द्रव्ये रक्तात मिसळून हृदय बंद पडू शकते. त्यामुळे भार काढण्यापूर्वी डॉक्टरांना पाचारण करावे लागते.

खेड्यांतील स्थिती निराळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या. अशा घरांत पोकळ्या थोड्या राहतात व मातीने श्वास कोंडतो. तेथे पथकाची वाट पाहत बसण्यास वेळ नसतो. माती हातांनी व घमेल्यांनी, कडेकडेने उपसावी लागते. कोणत्या घरात किती माणसे होती व ती कोठे झोपत, हे ग्रामपंचायत सदस्य व शेजारीच सांगू शकतात. ही माहिती लिहून ठेवल्यास येणाऱ्या पथकाला शोध कोठून सुरू करावयाचा, हे तत्काळ कळते.