बदलीचा संसार आणि पेटीचें माप



विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी एक म्हण आपल्या भाषेंत आहे. ज्याच्या संसारांत फारसें कांहीं नाहीं, अशा माणसाविषयीं बोलतांना ती आपण हंसत हंसत वापरतों. परंतु समाजांत असा एक मोठा वर्ग आहे कीं, संसार भरलेला असूनहि तो दर दोन-तीन वर्षांनीं त्याला पाठीवर घ्यावा लागतो. हा वर्ग म्हणजे सैन्यांतील माणसांचीं कुटुंबें. आज पुणें, पुढें जोधपूर, त्यापुढें तेजपूर, असा यांचा क्रम चालतो. सातारा जिल्ह्यांतील अपशिंग्यासारख्या, ‘मिलिटरी अपशिंगे’ याच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या गांवांत तर हा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे. अशा घरांत थोड्या जागेंत सामान कसें ठेवावें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. कोनाडा, फडताळ, माळा या सोयी घराच्या असतात. घर सुटलें कीं त्याहि सुटतात. सरकारी निवासस्थानांत भिंतीला खिळा ठोकण्याचीहि मोकळीक बहुधा नसते. कपाटांतलें सामान पेटींत, पेटींतलें पुन्हां कपाटांत, असे दोन फेरे प्रत्येक बदलीला होतात, आणि फुटणें, हरवणें, विसरणें हें पुष्कळसें याच दोन फेऱ्यांत घडतें. म्हणून फिरत्या संसाराचा मुख्य नियम असा कीं, सामान ज्यांत ठेवावयाचें त्यांतूनच तें नेतां आलें पाहिजे. पेटी हेंच कपाट, आणि कपाट हीच पेटी.

ही युक्ति नवी नाहीं. ब्रिटिश अमदानींत मोहिमेवर जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीं खणांचीं कपाटें अशीं करीत कीं, त्यांचे वरचा व खालचा असे दोन भाग होत. कोपऱ्यांना पितळी पत्रा असे, आणि धरण्याच्या कड्या लाकडांत खोल बसविलेल्या असत, म्हणजे बाहेर आलेलें असें कांहींच मोडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारांत आलेली रुडकी खुर्ची ही त्याच जातीची. तिला खिळा नाहीं कीं सरस नाहीं. लांकडी दांडे, कॅनव्हासचें कापड व चामडी पट्टे सोडले कीं सारी खुर्ची एका गुंडाळींत मावते. १९३३ सालीं डेन्मार्कचे कारे क्लिंट यांनीं तिच्याच धर्तीवर आपली सुप्रसिद्ध सफारी खुर्ची केली.

आतां आपल्या घरांतील काळ्या पत्र्याच्या ट्रंकेकडे वळूं. ट्रंका निरनिराळ्या मापांच्या घेतल्या तर त्या एकमेकींशीं जुळत नाहींत व मधली जागा फुकट जाते. त्या करवून घेतांना सर्वांचें माप एकच ठेवावें. लांबी ३ फूट, रुंदी २ फूट व उंची १॥ फूट असें माप धरूं. अशा दोन ट्रंका टोकाला टोक लावून ठेवल्या कीं ६ फूट लांबीची बैठक होते, आणि तिची उंची खुर्चीइतकीच असते. वर गादी व चादर घातली कीं आल्यागेल्याची सोय झाली. चार ट्रंका जुळविल्या तर पाहुण्याला निजण्यापुरता ६ फूट लांब व ४ फूट रुंद पलंग होतो. एका ट्रंकेंत ९ घनफूट जागा असते, म्हणजे चार ट्रंकांत ३६ घनफूट. उलट ६॥ फूट उंच, ३ फूट रुंद व १॥ फूट खोल अशा लोखंडी कपाटांत सुमारें २९ घनफूटच जागा असते, आणि त्या कपाटावर कोणाला निजतां येत नाहीं.

मात्र जागा वाचविणें व वजन वाचविणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. हीच ट्रंक पुस्तकांनीं भरली तर तिचें वजन दीडशे किलोंच्या आसपास जातें. ती कोण उचलणार? घरधनी आघाडीवर गेलेला असतां घर हलविण्याचें काम पुष्कळदां एकट्या गृहिणीवर येतें. याकरितां दोन साधारण माणसांना जिना चढून नेतां येईल, यापलीकडे कोणतीहि पेटी भरूं नये. पुस्तकें लहान खोक्यांत भरावींत, आणि मोठ्या ट्रंकेंत रजया, गरम कपडे यांसारख्या जागा खाणाऱ्या पण हलक्या वस्तु ठेवाव्यात. भांड्यांच्या बाबतींत आपल्या आजीबाईंची उतरंड हाच उत्तम धडा होय. एकांत एक बसणारीं पातेलीं व डबे घ्यावेत, आणि आंतल्या पोकळींत वाट्या, चमचे, मसाल्याच्या डब्या बसवाव्यात.

हल्लीं हवा ओढून घेण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मिळतात. त्यांत रजयांचा ढीग निम्म्यावर येतो. वजन अर्थात् तेवढेंच राहतें. परंतु कपड्यांत किंचित् ओल राहिली तर ती आंतच कोंडली जाते आणि बुरशी धरते. तेव्हां कडक उन्हांत वाळवून, निवल्यावरच कपडे त्यांत घालावेत. लोंकरी व रेशमी वस्त्रें धुऊनच ठेवावींत, कारण कसरीच्या अळ्या लोंकर व रेशीम खातात, आणि घामाचे व अन्नाचे डाग त्यांना अधिक रुचतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या मुळींच ठेवूं नयेत. त्यांतील नॅफ्थलिनच्या वाफेनें कांहीं बालकांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात व त्यांना कावीळ होते. कोंकणांत अथवा आसामांत राहणें असेल तर ट्रंका विटांवर ठेवाव्यात, आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावें, म्हणजे ओल व गंज या दोहोंपासून बचाव होतो.

प्रत्येक पेटीवर ठळक अंक रंगवावा, आणि आंत काय आहे याची यादी एका वहींत लिहावी. मोबाईलवर उघड्या पेटीचें छायाचित्र घेऊन ठेवलें तर आणखी उत्तम. पहिल्या रात्रीची पेटी निराळी असावी. तींत अंथरूण, औषधें, विजेरी, चहाचें साहित्य व हातोडी असावी. ही शेवटीं चढवावी व प्रथम उतरावी. मुलांचे शाळेचे दाखले, गॅसचें बदलीचें व्हाउचर, लसीकरणाचीं कार्डें हीं मात्र कोणत्याहि पेटींत न घालतां स्वतःजवळ ठेवावींत.

इतकें करूनहि एक वेळ अशी येते कीं, जागा संपते व कांहीं तरी टाकावेंच लागतें. दोन बदल्यांत जी पेटी उघडलीच नाहीं, ती आतां उघडावी व निर्णय करावा, हा नियम चांगला आहे. पण तो कोणाच्या वस्तूंना प्रथम लावला जातो, हें मी शिक्षक या नात्यानें पुष्कळ वर्षें पाहिलें आहे. सरकारनें १९६२ सालीं केंद्रीय विद्यालयांची योजना मंजूर केली, ती बदलीच्या नोकरींतील लोकांच्या मुलांचा अभ्यास मोडूं नये म्हणून. अभ्यासाची सोय त्यामुळें झाली. बाकीच्या गोष्टी घरानेंच पाहावयाच्या असतात. आमच्या गांवाजवळ छावणी असल्यानें सत्राच्या मध्यावर अशीं मुलें माझ्या वर्गांत येत. महिन्याभरांत तीं अभ्यासांत रुळत. एका मुलीला मीं विचारलें, ‘बाळ, तुला कशाची आवड आहे?’ ती म्हणाली, ‘गुरुजी, मी काड्यापेट्यांवरचीं चित्रें जमवीत असें. बदलीच्या वेळीं जागा नव्हती, म्हणून देऊन टाकलीं.’ पुन्हां कां जमवीत नाहींस, असें विचारतां ती उत्तरली, ‘पुन्हां बदली होईलच कीं.’ तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, आणि हीच गोष्ट मला अधिक लागली.

म्हणून माझी विनंति अशी कीं, प्रत्येक मुलाला एक लहान पेटी द्यावी. २ फूट लांब, १। फूट रुंद व १ फूट उंच एवढी पुरे. तींत केवळ अडीच घनफूट जागा असते. सबंध मालमोटारींत ती कोठेंहि बसते. तींत काय ठेवावें व काय टाकावें हें मुलानेंच ठरवावें. वडीलधाऱ्यांनीं तींत हात घालूं नये. पेटी भरली कीं नव्यासाठीं जुनें काढावें लागतें, हें मूल आपोआप शिकतें, आणि हा हिशेब पुढें जन्मभर उपयोगीं पडतो. नव्या घरीं पोहोंचल्यावर, पहिल्या रात्रीच्या पेटीबरोबरच हीहि पेटी उतरवावी. भिंती परक्या, खिडकीबाहेरचीं झाडें अनोळखी, शेजारची बोली निराळी. अशा ठिकाणीं झांकण उघडतांच स्वतःच्या वस्तु ठेवल्या होत्या तशाच दिसल्या, म्हणजे त्या मुलाला त्या रात्रीं सुखाची झोंप लागेल. बाकीच्या ट्रंका दुसऱ्या दिवशीं सावकाश उघडल्या तरी चालतील.