नोकरीतील समान संधी व तिचे अपवाद

सरकारी जागांची जाहिरात आली की ती समजून घेण्यासाठी खेड्यातील तरुण बहुधा शाळेतच येतात. घटनेने सर्वांना समान संधी दिली असता काही जागा राखीव का, आणि गावच्या शाळेतील जागा गावच्याच मुलास का नाही, हे दोन प्रश्न त्या वेळी शिक्षकांस हटकून विचारले जातात. उत्तर मोघम मिळाले तर गैरसमज वाढतात.

राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदान्वये धर्म, वंश, जात, लिंग, कुळ, जन्मस्थान व निवास यांपैकी केवळ एखाद्या कारणावरून कोणाही नागरिकास शासकीय नोकरीस अपात्र ठरविता येत नाही. शैक्षणिक पात्रतेची अट हा मात्र भेदभाव नव्हे. ती कामाशी निगडित असते.

अपवाद याच अनुच्छेदात आहेत. धार्मिक संस्थेच्या कारभारातील पदाधिकारी त्याच धर्माचा असावा, असे कायद्याने ठरविता येते. शिक्षकांशी त्याचा संबंध थोडाच. महत्त्वाचा अपवाद चौथ्या खंडात आहे. ज्या मागासवर्गाला राज्याच्या सेवेत पुरेसे प्रतिनिधित्व नाही, त्याच्यासाठी जागा राखून ठेवता येतात. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत यामागील भूमिका स्पष्ट केली. राज्यकारभार ऐतिहासिक कारणांनी काही थोड्या जातींच्या हाती राहिला होता, तेव्हा इतरांस वाट करून देणे अवश्य होते. परंतु राखीव जागा एकूण जागांच्या निम्म्याहून कमीच असाव्यात, एरवी मूळ नियमच नाहीसा होईल, असेही त्यांनी बजावले. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांची मर्यादा घातली. २०१९ च्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्क्यांपर्यंत निराळी तरतूद झाली व २०२२ साली न्यायालयाने ती ग्राह्य धरली.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांस रुचणार नाही. निवासाची अट घालणारा कायदा करण्याचा अधिकार १६ व्या अनुच्छेदाने फक्त संसदेस दिला आहे. राज्य विधिमंडळास अथवा जिल्हा परिषदेस तो नाही. राजस्थानात जिल्हा परिषदांनी प्राथमिक शिक्षक नेमताना त्याच जिल्ह्यातील व ग्रामीण भागातील उमेदवारांस अधिक गुण दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ते घटनाबाह्य ठरविले. आंध्र प्रदेशातील प्रकरण याहून बिकट होते. अनुसूचित क्षेत्रांतील शाळांत शिक्षक वारंवार गैरहजर राहत, म्हणून २००० साली तेथील सर्व शिक्षकपदे स्थानिक आदिवासींसाठी राखण्यात आली. हेतू चांगला होता. तथापि शंभर टक्के जागा राखल्याने इतर सर्वांस, परगावच्या आदिवासींसही, दार बंद झाले. म्हणून २०२० साली तो आदेश रद्द झाला. भाषेचा उल्लेख मात्र वरील सात कारणांत नाही. त्यामुळे मुलांची बोली शिक्षकास यावी ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

शिक्षकांकडे या बाबतीत एक जबाबदारी अशी आहे की, जिची जाणीव वर्ग चालविताना क्वचितच होते. महाराष्ट्रात राखीव जागेवरील उमेदवाराच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी होते, आणि तेव्हा त्याच्या वडिलांच्या व आजोबांच्या शाळेतील जनरल रजिस्टर पाहिले जाते. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी घाईने लिहिलेली किंवा मागाहून खाडाखोड केलेली जातीची नोंद वीस वर्षांनी त्या मुलाच्या, अथवा पन्नास वर्षांनी त्याच्या नातवाच्या, नोकरीच्या आड येऊ शकते.