गजकर्ण का बळावते?

जांघेत, काखेत किंवा कमरेवर तांबूस, खाजरे वर्तुळ उमटले की ते गजकर्ण अथवा नायटा आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येते. इंग्रजीत यास 'रिंगवर्म' म्हणत असले, तरी कृमींशी या विकाराचा काहीही संबंध नाही. त्वचा, केस व नखे यांतील केराटीन या प्रथिनावर जगणारी बुरशी हे त्याचे कारण होय. ती मध्यापासून बाहेर पसरत जाते. मधली त्वचा निवळते, कडा मात्र उंच व खवलेदार राहते. उष्ण, दमट हवा आणि घामाने भिजलेले तंग कपडे तिला मानवतात. घरातील एकच पंचा, एकच कंगवा किंवा सामाईक अंथरूण यांतून तिचा प्रसार होतो. वासरे, कुत्री व मांजरे यांच्यापासूनही ती माणसास लागते.

पूर्वी साध्या मलमाने काही आठवड्यांत बरा होणारा हा विकार अलीकडे भारतात चिवट झाला आहे. दुकानातून परस्पर आणलेली मिश्र मलमे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. या मलमांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइड असते. त्यामुळे खाज दोन दिवसांत थांबते व रोगी निर्धास्त होतो. परंतु त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी फोफावतच राहते. वर्तुळाची कडा पुसट होऊन निदानही अवघड होते. जांघेतील त्वचा पातळ होऊन कायमचे चट्टे पडतात, ते वेगळेच. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइडयुक्त मलमे 'एच' अनुसूचीत घालून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांच्या विक्रीस मनाई केली. तथापि शेजाऱ्याने सुचविलेली ट्यूब अजूनही घरोघरी येतेच! २०२० मध्ये जपानी संशोधकांनी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिलेल्या बुरशीचे काही प्रकार तर टर्बिनाफिन या प्रमुख औषधासही दाद देत नाहीत.

निदानाविषयी शंका असल्यास त्वचेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो. मलम डागाच्या कडेबाहेरही लावावे आणि डाग दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावे. घरात एकाहून अधिक बाधित असल्यास सर्वांचे उपचार एकाच वेळी व्हावेत; कपडे गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत.

लहान मुलांच्या डोक्यावर केस तुटून खवले धरले असतील, तर केवळ मलम पुरत नाही. पोटात घ्यावयाचे औषध लागते. अशा मुलास शिक्षकांनी वर्गात वेगळे बसवू नये. उपचार सुरू झाल्यावर त्याची शाळा बुडविण्याचे कारण उरत नाही. कंगवा व टोपी मात्र त्याची स्वतःचीच असावी.