पाऊस लागायच्या आत

पोथी दुरुस्तीला आली की मी आधी तिची गाठ बघतो. कापड ताजं, गाठ सैल असेल तर आतली पानं बहुधा मोकळी निघतात. गाठ आवळून बसली असेल, कापड घडीवर विरलं असेल, तर बरीच वर्षं कुणी हात लावलेला नाही हे समजतं आणि मग कामाला किती दिवस लागतील हे सांगता येत नाही. हातकणंगले तालुक्यातल्या जैन घरांमधून ज्या पोथ्या पाहिल्या, त्यांनी हा अंदाज सहसा खोटा ठरवलेला नाही.

इकडच्या दिगंबर घरांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांचा षट्खंडागम ग्रंथरूपात पुरा झाला, तो हा दिवस मानतात. घरातली शास्त्रं बाहेर काढायची, पुसायची, नव्या वेष्टनात बांधायची, पूजा करायची. कुंभोजजवळच्या एका घरातल्या आजी म्हणाल्या, "आमच्या आत्तींनी पंचमी कधी चुकवली न्हाई. पाऊस लागायच्या आत शास्त्राला वारा दावायचाच." मृगाच्या तोंडावर पान न् पान हलवून पुन्हा कोरडं बांधणं, यापेक्षा चांगला उपाय आजही कुणी सांगू शकणार नाही. कसर आणि वाळवी यांना अंधार, ओल आणि न हलवलेली जागा हवी असते. वर्षातून एकदा ती मोडली की पुष्कळ काम झालं.

त्याच आजींच्या घरची पोथी कागदी होती. हातकागद, त्याला खळ देऊन घोटलेला. काळी शाई, दंड आणि समासाच्या रेघा हिंगुळाच्या. चुकलेल्या ओळीवर हरताळ. हरताळात सोमल असतो, म्हणून तो हाताळताना हातमोजे घालतो. कसर मात्र खळीवर जगते, त्यामुळे तिने कडा खाल्ल्या होत्या. पूजेतलं हळदीकुंकू सांध्यांत बसलं होतं. ते मऊ ब्रशने, पानाच्या मध्यापासून कडेकडे, कोरडंच काढायचं. पाणी लावायचा मोह टाळावा लागतो, कारण काजळ विटत नाही, पण त्याला धरून ठेवणारा डिंक विरघळतो. एखाद्या अक्षराच्या टोकावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून टिपकागद दाबायचा आणि भिंगातून बघायचं. टिपकागद काळा झाला, तर ओलं काम बंद.

खरा त्रास चिकटपट्टीचा होता. कुणीतरी प्रेमाने फाटकी पानं जोडली होती. पट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो, कागदात मुरतो, आणि पट्टी ओढली तर अक्षरं तिच्याबरोबर निघून येतात. म्हणून किंचित गरम केलेल्या पातळ पात्याने ती अक्षरा-अक्षराने उचलायची, मग उरलेला गोंद द्रावकात भिजवलेल्या कापसाने टिपायचा. डाग राहतोच. किड्यांपेक्षा अशा दुरुस्त्यांनीच जास्त पानं बिघडलेली मी पाहिली आहेत. घरच्यांनी लॅमिनेशनचा आग्रह धरला की मी स्पष्ट नाही म्हणतो.

माझी खळ गव्हाच्या चिकाची. कुरडयांना काढतात तसाच चीक, फक्त तो पुन्हा पुन्हा धुऊन मंद आचेवर शिजवायचा आणि गाळून घ्यायचा. त्याने जपानी पातळ कागदाचे बारीक तंतू फाटीवर बसवले की पान धरतं, आणि उद्या कुणाला माझं काम नको वाटलं, तर जराशा ओलाव्याने ते सोडवता येतं.

आजींचा नातू म्हणाला, "गेलेली अक्षरं भरून टाका की, तुम्हाला वाचता येतंय." मी भरत नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी १९३५ मध्ये प्रवचनसाराची संपादित आवृत्ती काढली. असं संपादन पाठ ताडून होतं, आणि त्यात प्रतीतली चूकसुद्धा पुरावा असते: ही प्रत कुठल्या प्रतीवरून उतरली ते तिच्यावरून कळतं. मी अंदाजाने भरलेलं अक्षर पुढच्या अभ्यासकाला लेखकाचं वाटेल. षट्खंडागमावरच्या धवला टीकेच्या जुन्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीत जपून राहिल्या, म्हणून १९३९ पासून ती छापता आली. मोकळी जागा मोकळीच ठेवायची, मागे फक्त कागदाचा आधार द्यायचा.

ताडपत्राचं काम वेगळं. तिथे अक्षर सहसा कोरलेलं असतं, बहुधा जुन्या कन्नड लिपीत, आणि काजळ नुसतं खाचेत भरलेलं. पुसट झालेलं पान गवती चहाच्या तेलात कालवलेलं काजळ चोळून पुन्हा वाचता येतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये वारणा आणि पंचगंगेचं पाणी काठच्या गावांत शिरलं, तेव्हा लोकांनी भिजली कागदपत्रं सुटी करून उन्हात घातली. उन्हाने पानं आखडली. भिजलेला गठ्ठा ओढून उघडू नये. सावलीत, पंख्याखाली, टिपकागद बदलत ठेवावा. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावा, म्हणजे पुढचं काम सवडीने करता येतं.

वेष्टनाचं कापड मी इचलकरंजीहून घेतो, बिनरंगी सुती. मागावरून आलेल्या कापडाला खळ असते आणि तीही कसरीला आवडते, म्हणून गरम पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मगच वापरायचं. आजींना लालच हवं होतं. लाल रंग ओलीत पानांवर उतरतो, हे त्यांना पटलं, पण पांढऱ्यात शास्त्र बांधायचं मन होईना. शेवटी आत पांढरं आणि वरून लाल असं ठरलं. गाठ त्यांनी स्वतः बांधली.